मूर्तीची ऑर्डर कोणी दिली?

सार्वजनिक मंडळाच्या बैठकीत मूर्तीचा विषय दहा मिनिटांत उरकतो. उंची गेल्या वर्षीएवढी, कोटेशनं तीन, त्यातलं स्वस्त ते मंजूर. खजिनदार आगाऊ रक्कम देतो, सचिव इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहितो. पुढे भाद्रपदात गुरुजी संकल्पात जिला ‘पार्थिव’, म्हणजे मातीची, म्हणतात ती मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असते. साच्यातून निघालेली, आतून पोकळ, काथ्याने बांधलेली.

प्लास्टरचं जिप्समही जमिनीतूनच निघतं, मग ते पार्थिव का नाही, असा सवाल येतोच. पण पार्थिव पूजेतली माती नुसती जमिनीतून आलेली नसते, ती परत जायची असते. शाडू पाण्यात विरघळते. प्लास्टर विरघळत नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सोंडा आणि हात पडलेले दिसतात.

हे पाप कुणाच्या खाती?

मूर्तिकार म्हणतो, मागणी तशी मूर्ती. कार्यकर्ता म्हणतो, मंडळाचा निर्णय. आणि मंडळ म्हणजे तर नुसता नोंदणी क्रमांक!

मनुस्मृती १९२७ साली महाडला जाळली गेली, त्याला सबळ कारणं होती. तरी तिच्या पाचव्या अध्यायातला एक हिशेब इथे उपयोगी पडतो. मांसासाठी पशू मारला, तर घातक कोण? मारणारा आणि कापणारा तर आहेतच. पण संमती देणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा, हे सगळे घातकच. पाप वाटून घेतल्याने कुणाचाच वाटा शून्य होत नाही.

बुद्धांनी भिक्खूंना थोडी सवलत दिली: आपल्यासाठी पशू मारल्याचं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तशी शंकाही नसेल, तर भिक्षेतलं मांस चालेल. मंडळांना ही सवलतही घेता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. या मनाईवरचा मुंबई उच्च न्यायालयातला वाद २०२५ मध्ये घरोघरी पोचला. जून २०२५ मध्ये अशा मूर्ती घडवायला मुभा मिळाली, जुलैमध्ये सहा फुटांवरच्या मूर्तींना समुद्रात विसर्जनाचीही, तीही मार्च २०२६ पर्यंतच. कायद्याची मुभा मिळाली म्हणून ‘ठाऊक नव्हतं’ म्हणता येत नाही.

शाडू महाग पडते, गुजरातेतून आणावी लागते, वीस फुटी मूर्ती तिच्यात पेलत नाही, हे खरंच. मग उंची कमी करावी. गणपती उंचीने मोठा होत नाही. आणि मंडळांनी पुढच्या वेळी कोटेशनच्या तक्त्यात दराशेजारी ‘कशाची’ हा एक रकाना वाढवावा, मंजुरीखाली ‘सर्वानुमते’ऐवजी माणसांची नावं लिहावीत.