वधूचे वस्त्र

वाचन : इफिसकरांस पत्र ५:२५-२७, प्रकटीकरण १९:६-९



पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामानिमित्त मला अधूनमधून बेंगळुरूस जावे लागते. भारतीय बायबल सोसायटीचे मुख्य कार्यालय तेथे आहे आणि माझी धाकटी बहीणही त्याच शहरी राहते. एकदा गेलो, तेव्हा भाचीचा विवाह महिन्यावर आला होता. विवाहापूर्वीच वधूवेषात छायाचित्रे काढून घेण्याची रीत तेथे आता चांगलीच रुळली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतही वधूचे असे छायाचित्र आधी काढतात. मात्र विवाहदिनापर्यंत ते वराच्या दृष्टीस पडू देत नाहीत. आमच्या घरी असा काही पडदा नव्हता. "मामा, तुम्हीही चला," असा आग्रह झाला आणि मी गेलो.

शुभ्र झगा भाड्याने आणलेला होता व भाचीला तो बराच सैल होत होता. मदतनीस मुलीने पाठीमागून कापड आवळून ओळीने चिमटे लावले. समोरून पाहावे तर झगा जणू तिच्याच मापाने शिवलेला! मी मागे उभा आहे हे पाहून भाची हसून म्हणाली, "मामा, पुढे या ना. मागून बघू नका."

सायंकाळी झगा परत गेला. रात्री छायाचित्रे पाहू लागलो. गालावरचा डाग, डोळ्यांखालची काळी छाया, सारे काही संगणकावर पुसले गेले होते. सर्वांनी कौतुक केले. भाची मात्र गप्प होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "मामा, दादाला अजून पत्रिका दिली नाही." घराच्या वाटणीवरून बहीणभावाचे बोलणे दोन वर्षे बंद होते. एक चिमटा अजून पाठीशी राहिला होता, आणि तो कोणत्याही छायाचित्रात दिसत नव्हता.

प्रियजनहो, प्रेषित पौल मंडळीला वधू मानून डाग व सुरकुती या दोहोंचा उल्लेख करतो. सुरकुतीसाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, तो चेहऱ्यावरील सुरकुतीसाठीही वापरला जात असे. ख्रिस्त ती झाकत नाही. तो मंडळीला धुऊन शुद्ध करतो, आणि त्यासाठी त्याने स्वतःला अर्पण केले.

प्रकटीकरणाच्या भाषांतरात आम्हाला आणखी एक गोष्ट जपावी लागते. सातव्या वचनात वधूने स्वतःला सजवले आहे. आठव्यात मात्र वस्त्र तिला दिले गेले आहे. एकात तिची तयारी, दुसऱ्यात देवाचे दान. यांतील एकही क्रियापद गाळून चालत नाही. ते तलम वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्ये, असे योहान पुढे सांगतो, आणि तेथे शब्द अनेकवचनी आहे. एकेक धागा, एकेक कृत्य. भाड्याचे वस्त्र संध्याकाळी परत करावे लागते. कृपेने मिळालेले वस्त्र कोणी परत मागत नाही. पण ते अंगावर घ्यावे लागते.

छायाचित्र काढण्यात पाप नाही. आपण मात्र रविवारच्या उपासनेत, सभांत व अहवालांत मंडळीची समोरची बाजू दाखवतो आणि न मिटवलेली भांडणे, न फेडलेली देणी व न मागितलेली क्षमा पाठीमागे चिमटे लावून आवळून ठेवतो. वर येईल तेव्हा तो आपल्याला चहूबाजूंनी पाहील. त्याला "मागून बघू नका" असे आपण म्हणू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी भाची पत्रिका घेऊन एकटीच भावाच्या घरी गेली. त्याने दार उघडले, एवढेच येथे सांगतो.

वाचकहो, तुमची कोणती पत्रिका अजून द्यायची राहिली आहे? विवाहाचा दिवस उजाडण्यापूर्वी ती पोहोचवण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांस देवो. आमेन.