जरा ॲडजस्ट करता का?

मुंबईच्या लोकलमध्ये सेकंड क्लासचा बाक तिघांचा असतो आणि त्यावर चौघं बसतात. चौथा माणूस फारसं बोलत नाही, हाताने सरकायची खूण करतो. तिघं चार बोटं आत सरकतात आणि त्याला अर्धी मांडी टेकायला मिळते. याला कोणी परोपकार म्हणत नाही, कारण उद्या आपण चौथे असणार हे तिघांनाही माहीत असतं. शिवाय गैरसोय चौघांत वाटली जाते.

विमानातल्या ‘जरा ॲडजस्ट करता का?’मध्ये शब्द तेच असले तरी हिशेब वेगळा आहे. तिथे सरकायला जागा नसते. मधली सीट कोणाच्या तरी वाट्याला अख्खी यायचीच, आणि सीट बदलण्याची विनंती म्हणजे बहुतेक वेळा एकाची गैरसोय उचलून दुसऱ्याकडे देणं. तो दुसरा कोण, हे शोधायची पद्धतही ठरलेली आहे. आधी विचारतात, “तुम्ही एकट्याच आहात का?” कामानिमित्त मी पुणे-बंगळुरू आणि पुणे-दिल्ली बरीच फिरते, बहुतेकदा एकटीच. त्यामुळे हा प्रश्न चौकशीचा नसतो हे मला कळून चुकलंय. एकटं माणूस म्हणजे सुटे पैसे, कुठेही चालतात. चौघांच्या कुटुंबाचा आनंद एका बाजूला आणि माझी आईल सीट दुसऱ्या बाजूला ठेवली, तर बेरजेत मी हरणारच. बेरजेचं नीतिशास्त्र नेहमी एकट्यालाच का महागात पडतं, हा माझा जुना प्रश्न आहे. (लग्नसराईत सुट्ट्यांचं वेळापत्रक ठरताना ऑफिसातही तो पडतो, पण ते असो.)

यात विमान कंपन्यांचा वाटा मोठा आहे. एका पीएनआरवरच्या चौघांना एकत्र बसवणं सॉफ्टवेअरला काही अवघड नाही. पण सगळ्यांना फुकटात एकत्र बसवलं तर जागा निवडायचे वेगळे पैसे कोण भरेल? पैसे न भरणारे विखुरले जातात आणि मग तो गुंता विमानात, अनोळखी माणसाच्या भिडेवर सोडवला जातो. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना सांगितलं, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्या. ही चांगली गोष्ट झाली. लहान मुलाची गरज ही शेजारच्या प्रवाशाच्या चांगुलपणाची परीक्षा असू नये, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

‘मी पैसे भरलेत’ हा युक्तिवाद मात्र मला पुरेसा वाटत नाही. रेल्वेत लोअर बर्थचं तिकीटही माझ्याच नावावर असतं, तरी समोर गुडघे धरून उभ्या असलेल्या आजी दिसल्या की मी विचारायच्या आधीच वर चढते. ज्येष्ठांसाठी आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांसाठी रेल्वेने लोअर बर्थचा कोटा ठेवलाय, पण तो सगळ्यांना पुरत नाही. माझं वय अठ्ठावीस. वरच्या बर्थवर चढण्यात माझं काहीच जात नाही आणि आजींचं दुखणं समोर दिसतं. म्हणजे प्रश्न मालकीचा नाही, कोणाची गरज दिसते आणि कोणाची दिसत नाही याचा आहे.

माझ्या बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, तासाभराने उठावंच लागतं. गेल्या वर्षी ते एकटे दिल्लीला दादाकडे निघाले, तेव्हा मी जास्तीचे पैसे भरून त्यांना पुढची, आईलची सीट घेऊन दिली. विमानात एक तरुण जोडपं आलं. “काका, आमचं नवीनच लग्न झालंय, शेजारी बसायचं होतं. तुम्हाला मागे खिडकी मिळेल.” त्या मुलाला वाटलं असणार, की आपण काकांना चांगलीच जागा देतोय. बाबा उठले. खिडकीतून बाहेर पडायचं तर दोघांना उठवावं लागतं, म्हणून दोन तास त्यांनी घोटभर पाणीसुद्धा प्यायलं नाही आणि कळ सोसत बसून राहिले. मी फोनवर चिडले, तर म्हणाले, “अगं, काका म्हणाला तो मला. काय सांगणार होतो त्याला?”

खरंच, काय सांगणार होते? नवीन लग्न हे शंभर माणसांसमोर हसत सांगता येणारं कारण आहे. प्रोस्टेट नाही. पाळी, पॅनिक ॲटॅक, मागच्या प्रवासात शेजाऱ्याने दिलेला त्रास, यातलंही काही नाही. मागणाऱ्याचं कारण बहुधा सांगण्यासारखं असतं आणि नाकारणाऱ्याचं अनेकदा नसतं. त्यातून ‘काका’ म्हटलं की नातं आधीच लागतं, आणि नात्यात नकाराला कारण द्यावंच लागतं.

जे. ओ. उर्मसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली ‘सेंट्स अँड हीरोज’ नावाचा निबंध लिहिला. कर्तव्य, निषिद्ध आणि केलं काय न केलं काय सारखंच, एवढ्या तीन खणांत सगळी कृत्यं बसत नाहीत असं त्याचं म्हणणं. प्लेगच्या शहरात स्वतःहून जाणारा डॉक्टर, साथीदारांना वाचवायला हातबॉम्बवर झेप घेणारा सैनिक, ही त्याची उदाहरणं. तो डॉक्टर स्वतःपुरतं ‘हे माझं कर्तव्यच होतं’ म्हणू शकतो, पण दुसऱ्या कोणाला त्याच्याकडे तशी मागणी करता येत नाही. सीट सोडण्यासारख्या किरकोळ गोष्टीला एवढी मोठी उदाहरणं कशाला, असं वाटेल. पण सीटच्या बाबतीत मागणी कधी सुरू होते ते बघा. कोणी विचारेपर्यंत मी नुसती माझ्या जागेवर बसलेली असते. विचारल्यावर तेच बसणं म्हणजे नकार होतो. मग आसपासच्या माना वळतात. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या एका तरुणीने रडणाऱ्या मुलासाठी खिडकीची जागा सोडली नाही, तर दुसऱ्या प्रवासिनीने तिचं चित्रीकरण केलं आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. ज्या विनंतीला नाही म्हटल्यावर मोबाइल बाहेर निघतो, तिला विनंती म्हणायला मी तयार नाही.

म्हणून मी कधीकधी काहीच कारण नसताना नाही म्हणते. मैत्रिणींना हे खडूसपणाचं वाटतं. पण पासवर्डचं जसं असतं तसंच हे आहे. लपवण्यासारखं काही नसलेल्यांनीही तो लावला, तरच ज्याला खरंच काही झाकायचंय तो उठून दिसत नाही. फक्त सबळ कारण असलेल्यांनीच नकार द्यायचा ठरला, तर प्रत्येक नकार म्हणजे एक कबुलीजबाब होईल, आणि बाबांसारखी माणसं कबुलीपेक्षा तहानलेली राहणं पसंत करतील.

विचारूच नये असं मात्र मला वाटत नाही. विचारणंच बंद झालं तर ते जग फार कोरडं होईल. पण आधी जाऊन बसू नये, मधली सीट देऊन आईल मागू नये, आणि एकदा विचारलं की पुरे. मागच्या महिन्यात बंगळुरूहून येताना साधारण आईच्या वयाच्या एका बाई आपली बॅग हातात धरून उभ्या राहिल्या. “माझी पण आईलच आहे, चार ओळी मागे. बहिणीशेजारी बसायचं होतं. नाही म्हणालात तरी चालेल हं.” मला लॅपटॉपवर काम संपवायचं होतं आणि सामान वर नीट लागलेलं होतं. मी म्हटलं, “नाही जमणार हो.” “बरं,” म्हणाल्या, आणि बहिणीच्या हातात चिवड्याची पुडी देऊन आपल्या जागेवर गेल्या.