नवं प्रतिष्ठान काढण्याआधी

वडगाव निंबाळकर,
ता. बारामती

चि. बाळास,

तुम्ही पोरं नवं प्रतिष्ठान काढताय, नाव ठरलंय, फक्त अध्यक्ष कोण यावर अडलंय, असं तुझ्या आईकडून कळलं. अडलंय ते बरंच आहे. तेवढ्यात हे वाचून घे.

श्रावण सरत आला की आपल्या पेठेत एखाद्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून बघ. गणपतीची मंडळं, मग नवरात्राची, मध्येच कुणाचा सप्ताह, कुणाची जयंती, कबड्डीचे सामने. दुकानदार वर्गणी मागणाऱ्यांची डोकी मोजून आकडा ठरवतो. दहा पोरं दारात उभी राहिली की पाचशे, वाचनालयासाठी एकटा म्हातारा आला की एक्कावन्न. कामाची चौकशी कुणी करत नाही. त्याला दारातली गर्दी हटवायची असते. (नोंदणी नसलेल्यांनी वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढायची असते, हे किती मंडळांना ठाऊक असतं देव जाणे.)

तू म्हणशील, आम्ही एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे जाऊ. जरूर जा, पण कायदा वाचून जा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, त्यांनी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चायचे. मात्र हा पैसा बाहेरच्या ट्रस्टकडे द्यायचा, तर त्याच्याकडे प्राप्तिकराची १२-अ आणि ८०-जी नोंदणी हवी, २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला हवा, आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव हवा. तुमच्या प्रतिष्ठानचं तर अजून बारसं व्हायचंय.

सोमेश्वर आणि माळेगाव साखर कारखान्यांची गोष्ट वेगळी. ते सहकारी, त्यांना हा कायदा लागत नाही. तिथून देणगी आणायची म्हणजे सभासदांच्या उसाच्या पैशातून आणायची. वार्षिक सभेत त्याबद्दल कुणी उठून विचारलं, तर वाईट वाटून घेऊ नकोस.

उलट गावोगावी जुन्या संस्था नुसत्या पडून असतात. नोंदणी आहे, खातं आहे, माणूस नाही. निम्मे विश्वस्त वारलेले, पण कागदावर अजून तेच कारभारी. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो; तो दिलेला नसतो. हिशेबाची तपासणी राहून गेलेली. या कामाचा फोटो निघत नाही, फ्लेक्सही लागत नाही, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. माझ्या मते पैशाआधी खरी टंचाई इथे आहे.

तुझ्या आईच्या बचत गटाकडे बघ. गट निरनिराळे, पण ग्रामसंघात सगळ्या एकत्र बसतात आणि आधी कुणाच्या गटाला रक्कम द्यायची ते ठरवतात. भांडणं तिथेही होतात, नाही असं नाही. पण ती वही उघडी ठेवून होतात, आणि वहीतला आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला जातो. तुमच्या आत्ताच्या मंडळाचा जमाखर्च शेवटचा कधी वाचला गेला?

तेव्हा नव्या नावाचा नाद जरा बाजूला ठेव. दोघा-तिघांना घेऊन एखाद्या जुन्या संस्थेचे राहिलेले हिशेब लिहून काढ. चेंज रिपोर्ट कसा भरायचा ते मी शेजारी बसून दाखवीन. एवढं करूनही वर्षाने नवं प्रतिष्ठान हवंच वाटलं, तर पहिली पावती माझ्या नावाने फाड.

तुझा,
आबा