पडण्याची विद्या

आमच्या गुरुकुंज मोझरीत बर्फ म्हटला की दोनच गोष्टी आठवतात : उन्हाळ्यातला रंगीत गोळा, आणि लग्नाच्या मांडवात पाण्याच्या पिंपात सोडलेली लादी. वैशाखात अंगाची लाही करणाऱ्या या वऱ्हाडात बर्फावर नाचण्याचे स्वप्नही कुणाला पडणार नाही. परंतु थंड देशांतले लोक ज्याला फिगर स्केटिंग म्हणतात, त्या कलेची एक धाकटी बहीण आहे. ती बर्फावर नाचत नाही, चाकांवर नाचते. बुटाखाली पुढे दोन आणि मागे दोन चाके असतात, आणि जमिनीवर आखलेल्या वर्तुळावरून, तोल न सोडता, एका पायावर घरंगळत जायचे असते. माझी नात अमरावतीला राहते. दर रविवारी सकाळी सिमेंटच्या एका पटांगणावर ती हे शिकायला जाते. मी शनिवारी एस. टी.ने तिच्याकडे जायचा आणि रविवारी तिला पटांगणावर पोचवून कडेच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसायचा. एके दिवशी वर्तमानपत्र लवकर संपले. दुसऱ्या रविवारी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी पायांत चाके बांधली.

ही बातमी माझ्या आधी मोझरीला पोचली असावी. कारण सोमवारी सकाळी शेजाऱ्यांनी कुंपणावरूनच विचारले, "काऊन जी गुरुजी, या वयात हाडं मोडून घ्याले जाता काय? याचा उपेग काय?"

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर देता आले नाही. छत्तीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. कोणत्याही गोष्टीचा उपयोग काय, हे मुलांना पटवून देण्यात माझी हयात गेली. आणि आता मी असे काही शिकत होतो, की ज्यात मला कधीही प्रावीण्य मिळणार नव्हते, बक्षीस मिळणार नव्हते, आणि ज्याने घरात एक पैसाही येणार नव्हता. मग माणसाने उतारवयात असे काही शिकावे काय? शिकावे तर कशासाठी?

शिकण्याला वय नसते, असे आपण सभेत म्हणतो आणि टाळ्या घेतो. त्याला दाखलेही उत्तम आहेत. पार्वतीबाई आठवले या धोंडो केशव कर्व्यांच्या मेहुणी. लहानपणी अक्षराशी गाठ नाही, विसाव्या वर्षाच्या आसपास वैधव्य. आणि पंचविशी उलटल्यावर त्यांनी शिक्षणाला हात घातला. पुढे १९१८ साली, पंचेचाळिशी ओलांडलेली ही बाई इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेली आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून शिकली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा दिवसभर नांगर धरलेल्या हातांनी रात्री कंदिलाच्या उजेडात पाटीवर मुळाक्षरे गिरवली. आणि २०१६ च्या महिला दिनी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, फांगणे या गावी आजीबाईंची शाळा भरली. साठीच्या, सत्तरीच्या, कोणी ऐंशीच्याही पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. आपले नाव आपल्या हाताने लिहिणे हे त्यांचे स्वप्न होते.

हे दाखले मी शेजाऱ्यांना देऊ शकलो असतो. परंतु ते अप्रामाणिकपणाचे झाले असते. अक्षर शिकण्याने माणसाचा अंगठा सुटतो; सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते त्याला कळते. पार्वतीबाईंचे इंग्रजी हिंगण्याच्या आश्रमाच्या कामी यायचे होते. माझे घरंगळणे कुणाच्या कामी येणार होते? तेव्हा उपयोगाच्या दारातून मला आत जाता येणार नाही, हे मी मनाशी कबूल केले. दुसरे दार शोधणे भाग होते.

पहिल्या दिवशी आमच्या शिक्षकाने, हा मुलगा जेमतेम बावीस वर्षांचा आहे, मला चालायला शिकवले नाही. त्याने पडायला शिकवले. गुडघे वाकवा, अंग सैल सोडा, मागे कोसळू नका, एका बाजूला बसल्यासारखे खाली जा, तळहात जमिनीवर रोवू नका. मग उठायचे कसे ते. आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचे, एक पाय पुढे उभा करायचा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवायचे आणि सावकाश वर यायचे. डोक्याला टोपी, गुडघ्यांना, कोपरांना, मनगटांना कवच. बाजूला सहा-सात वर्षांची मुले भराभर पडत होती आणि चेंडूसारखी उठत होती. माझी नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही पडायच्या आधीच घाबरता, म्हणून जास्त लागतं."

मी पुष्कळ विचार केल्यावर तिचे म्हणणे मला पटले. मूल जमिनीपासून दोन हात उंचीवर असते. ते पडते तेव्हा नुसते अंगच पडते. प्रौढ माणूस पडतो तेव्हा त्याच्याबरोबर पुष्कळ काही पडते. त्याचा हुद्दा पडतो, घरातला अधिकार पडतो, गावातले 'गुरुजी' पडतात. हाडाला हाडाचा वैद्य आहे. प्रतिष्ठेला लेप कुठला लावणार? आपण म्हणतो, या वयात शरीर साथ देत नाही. खरे पाहता पुष्कळदा शरीर तयार असते. लाज आड येते.

आणि ही लाज मोठी फसवी असते. वाईट केल्याची लाज निराळी आणि न येण्याची लाज निराळी. पहिली माणसाला आवरते. ती नसेल तर समाज चालणार नाही. दुसरी माणसाला कोंडून ठेवते. पण दोघींचे तोंडवळे इतके सारखे की आपण दुसरीलाही सद्गुण समजतो आणि तिला 'पोक्तपणा' असे भारदस्त नाव देतो.

या खेळाच्या इतिहासात मला एक दिलासा सापडला. अठराव्या शतकात लंडनमध्ये मर्लिन नावाचा एक कारागीर होता. पायांत चाके बांधून तो व्हायोलिन वाजवीत एका मेजवानीत शिरला. थांबायचे कसे हे त्याला माहीत नव्हते, तेव्हा तो एका मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी आख्यायिका सांगतात. खरी गंमत पुढची आहे. १८६३ साली न्यूयॉर्कच्या प्लिम्प्टनने चाकांच्या आसाजवळ रबराची उशी बसवली. तेव्हापासून अंग ज्या बाजूला झुकवावे त्या बाजूला चाके वळू लागली. वळायचे तर झुकले पाहिजे. नवशिका नेमके उलटे करतो. भीतीने तो ताठ उभा राहतो; ताठ राहिला की वळत नाही आणि वळला नाही की पडतो. पटांगणावरचे हे सूत्र संसारातही किती ठिकाणी लागू पडते, ते वाचकांनी आपापल्या घरी पडताळून पाहावे.

फिगर स्केटिंग हे नावही अशाच आकृत्यांवरून पडले. पूर्वी स्पर्धेत उड्या आणि गिरक्या यांच्याइतकाच मान बर्फावर पात्याने कोरलेल्या वर्तुळांना असे. खेळाडू आपल्या आकृत्या कोरून गेला की परीक्षक बर्फावर वाकून त्या रेघा तपासत. प्रेक्षकांना त्यात काही मौज वाटेना, आणि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून त्या आकृत्या गेल्या. चाकांवरच्या कलेत मात्र जमिनीवर रंगवलेली वर्तुळे अजून भेटतात. एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळे, इंग्रजी आठासारखी. जेथून निघालात तेथेच परत यायचे. गणिताच्या मास्तराला यात किती सुख वाटावे! पण फळ्यावर एका झटक्यात गोल काढणारा माझा हात आणि तोच गोल काढू न शकणारा माझा पाय, हे एकाच माणसाचे आहेत यावर माझा विश्वास बसेना.

या ठिकाणी कोणी म्हणेल, ज्याला फळाची आशाच नाही त्याचे शिकणे म्हणजे निष्काम कर्म झाले. मलाही काही दिवस तसे वाटले आणि मी मनात थोडा फुगलो. पण एका रविवारी चार पावले नीट पडली, तेव्हा मी पहिल्यांदा काय केले? कडेला बसलेल्या पालकांपैकी कोणी पाहिले का, ते पाहिले. कोणीही पाहिले नव्हते. मला वाईट वाटले. निष्कामता इतकी स्वस्त नाही.

मग उत्तर कुठे मिळाले? मिळाले ते अमरावतीला नव्हे, मोझरीलाच, आणि तेही अगदी अनपेक्षित.

सराव व्हावा म्हणून मी स्केट्स घरी आणले होते. एक चाक अडकू लागले. आमच्या गावावरून अमरावती-नागपूर हमरस्ता जातो. त्याच्या कडेला पंक्चर काढण्याचे एक दुकान आहे. दुकान चालवणारा गृहस्थ आता चाळिशीचा आहे आणि तो माझा विद्यार्थी आहे. त्याला पाहिले की मी सहसा मान खाली घालून पुढे जात असे. कारण तो आठवीत असताना, अपूर्णांकांचा एक हिशेब त्याला फळ्यावर तीनदा चुकला, तेव्हा साऱ्या वर्गासमोर मी त्याला म्हणालो होतो, "तुला हे जन्मात यायचे नाही. जा, बस." वर्ग हसला होता. नववीत तो आला नाही.

त्याने स्केट हातात घेतला, चाक काढले, आतली दोन्ही बेअरिंगे खोलली, डिझेलमध्ये धुतली, पुसून तेलाचा थेंब सोडला. मग म्हणाला, "आता दुसरं तुमी करा. दरवेळी इथं कुठं येता." मी करू लागलो. बेअरिंग वाकडे बसले. काढले, पुन्हा बसवले, पुन्हा वाकडे. तिसऱ्या खेपेला माझे हात थरथरू लागले. तो म्हणाला, "हळू घ्या गुरुजी, येते. पहिल्यांदा कोणालेच येत नाही."

चौथ्या खेपेला बसले.

मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी वर्गात मी जे बोललो, ते चुकले माझे." त्याला लगेच आठवले, आठवायला त्याला क्षणभरही लागला नाही, हेच मला सर्वांत जास्त लागले. तो हसून म्हणाला, "नाही जी, तुमी बरोबरच बोलले होते. मले गणित आलंच नाही." आणि हे म्हणता म्हणता त्याने समोर उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला मागची उधारी, आजचे दोन टायर, आगाऊ दिलेली रक्कम, असा सगळा हिशेब तोंडी सांगून बाकी मागितली. मी मनात पडताळा घेतला. एक रुपयाही चुकला नव्हता.

तेव्हा तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच वाटत होते की आपल्याला गणित येत नाही. माझे एक वाक्य त्याच्या अंगात पंचवीस वर्षे मुक्काम करून राहिले होते, आणि रोजचा पुरावा समोर असूनही ते हलत नव्हते. त्या वाक्याची किंमत मी काय देणार? क्षमा त्याने मागण्याआधीच करून टाकली होती. पण क्षमेने वाक्य परत घेता येत नाही.

ते वाक्य मी का बोललो, याचा विचार करीत मी घरी आलो. मी दुष्ट नव्हतो. मी विसरलो होतो. अपूर्णांक मला कधी येत नव्हते, हेच मला आठवत नव्हते. ज्याला एखादी गोष्ट फार वर्षे येत असते, त्याला ती न येण्याची कल्पनाच करता येत नाही. आणि मग समोरच्याचे न येणे त्याला आळस वाटते, हट्ट वाटते, मूर्खपणा वाटतो. ज्ञानाबरोबर ही एक आंधळी कोठडी येते. ग्रंथ वाचून तिचे दार उघडत नाही. ज्यात आपण अगदीच अडाणी आहोत अशा जागी जाऊन, दुसऱ्याच्या हाताखाली उभे राहावे लागते. बावीस वर्षांच्या पोराने तीच पायरी सतराव्यांदा दाखवली आणि त्याच्या आवाजात त्रागा आला नाही, तेव्हा मला उमजले की शिकवणे म्हणजे काय. आणि छत्तीस वर्षांत मी किती वेळा ते केले नाही, हेही.

शेजाऱ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर आता असे आहे : या शिकण्याचा मला उपयोग नाही, असलाच तर माझ्यापुढे शिकायला येणाऱ्यांना आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याला 'तुला येत नाही' असे म्हणण्याचा अधिकार आहे, मग तो मास्तर असो, साहेब असो, सासू असो की बाप असो, त्याने एखादी तरी गोष्ट सतत नव्याने शिकत असावे. आवड म्हणून नव्हे. ते त्याचे कर्तव्य आहे. ते शिकणे स्केटिंगच असले पाहिजे असे नाही. पोहणे, पेटी, पोळ्या लाटणे, कानडी भाषा, काहीही चालेल. अट एकच : आपल्याला ते चांगले येत नसावे आणि शिकवणारा शक्यतो आपल्याहून लहान असावा.

आमच्या गावी, १९३५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी स्थापन केलेल्या आश्रमात, रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. तेथे म्हातारे आणि पोरे, शिकलेले आणि न शिकलेले एकाच ओळीत मांडी घालून बसतात. वर्षानुवर्षे मी त्या ओळीत बसलो. पण माझ्या शेजारी बसलेल्यांतही एखादा असेल, ज्याला मी कधीतरी ओळीबाहेर काढले होते, हे मला पायांत चाके बांधीपर्यंत सुचले नाही.

दिवाळीला नातवंडे घरी येतील. त्यांना काही शिकवण्याआधी, त्यांच्याकडून काहीतरी शिकायला बसा. तुम्हाला जमणार नाही, ती हसतील, आणि मग पुन्हा दाखवतील. ती कशी दाखवतात ते नीट पाहा. एवढेच मागणे.

माझे वर्तुळ अजून मिटत नाही. निघाल्या जागेपासून हातभर बाहेरच संपते. शिक्षक म्हणतो, गुडघा आणखी वाकवा. येत्या रविवारी मी पुन्हा पडायला जाणार आहे.