न स्वीकारलेला मोबदला

एखाद्याची वस्तू बळाने घेतली आणि शंभर वर्षांनी घेणाऱ्यानेच तिची किंमत व्याजासह पुढे केली, तर ती घ्यावी की नाकारावी? प्रश्न वरवर व्यवहारातला दिसतो. परंतु ती वस्तू जर देवाची असेल, तर तो व्यवहाराच्या हद्दीत राहत नाही. देवाच्या नावे जमीन असणे म्हणजे काय, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या आमच्या देवस्थानांच्या मंडळींना तो परका वाटू नये.

अमेरिकेतील दक्षिण डाकोटा राज्यात ब्लॅक हिल्स नावाचे डोंगर आहेत. लाकोटा लोक त्यांना ‘पाहा सापा’, म्हणजे काळे डोंगर, म्हणतात. तेथे एक गुहा आहे. तिच्या मुखातून वारा आतबाहेर वाहत असतो. आपले पूर्वज पृथ्वीच्या उदरातून ह्याच वाटेने वर आले, अशी त्यांची श्रद्धा. 1868 साली फोर्ट लॅरामी येथे झालेल्या तहाने हे डोंगर लाकोटांकडे निर्वेध राहतील, असे अमेरिकन सरकारने लिहून दिले. प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांच्या सह्यांवाचून पुढे त्यातील जमीन सुटणार नाही, असे कलमही त्यात होते. सहा वर्षांनी कस्टर नावाच्या सेनाधिकाऱ्याच्या तुकडीला डोंगरात सोने सापडले, आणि तहाचा कागद एकाएकी हलका झाला. 1875 साली साठ लक्ष डॉलर देऊ केले गेले. लाकोटांनी नाही म्हटले. तेव्हा 1876 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने असे ठरविले की, डोंगर सोडीपर्यंत ह्या लोकांना शिधा द्यावयाचा नाही. गव्यांचे कळप नाहीसे होत चालले होते. शिधा बंद म्हणजे चूल बंद. तरीही सह्या मिळाल्या त्या दहांत जेमतेम एकाच्या. 1877 च्या फेब्रुवारीत कायदा करून डोंगर घेण्यात आले.

लाकोटांनी न्यायालयाचा उंबरठा झिजविला तो 1923 पासून. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला की, हे डोंगर घेतले गेले आणि त्यांची वाजवी भरपाई झालीच नाही. 1877 चे मोल 1 कोटी 71 लक्ष डॉलर. त्यावर शेकडा पाच व्याज. एकूण साडेदहा कोटींच्या आसपास. लाकोटांनी ती रक्कम घेतली नाही. ती सरकारी खजिन्यात वाढत वाढत शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेली आहे. आणि पाइन रिज ही त्यांची वसाहत त्या संपन्न देशातील अत्यंत दरिद्री भागांपैकी एक आहे.

येथे मन अडखळते, हे आम्ही लपवीत नाही. वडीलधाऱ्यांनी नकार द्यावा आणि थंडीत मुलांनी कुडकुडावे, हा कोणता धर्म? स्वतःच्या उपासाचे व्रत घेता येते. दुसऱ्याच्या उपासाचे घेता येत नाही. हा आक्षेप खरा आहे. परंतु पैसे घेतले म्हणजे केवळ पैसे आले असे होत नाही. जे हिसकावले होते ते विकले होते, असे ठरते, आणि जमिनीवरील दावा कायमचा मिटतो. त्या मुलांच्याच वतीने हा दावा जिवंत ठेवला आहे, असे ह्या लोकांचे म्हणणे. दोन्ही बाजूंना मुलेच आहेत.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. लाकोटा स्वतः ह्या डोंगरांत अठराव्या शतकात आले. त्यांच्या आधी तेथे इतर जमाती होत्या. असतील. पण तह झाला तो लाकोटा व त्यांच्या सोबत्यांशी, एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राशी करावा तसा. दिलेला शब्द मोडताना घेणाऱ्याची कुळकथा तपासणे, हे आम्हांस धूर्तपणाचे वाटते. परत देणे अशक्य होते असेही नाही. 1985 मध्ये ब्रॅडली नावाच्या सिनेटरने, खाजगी घरे व माउंट रशमोरचे पुतळे वगळून, केवळ सरकारी जमीन परत करण्याचे विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही.

सोळाव्या शतकात आमच्या पूर्वजांवर असाच प्रसंग आला. साष्टी-तिसवाडीतील देवळे मोडली गेली, देवाच्या जमिनींचे उत्पन्न परधर्मीयांच्या संस्थांकडे वळले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास. जमीन गेली, देव वाचला, आणि अंत्रुजेत नव्याने घंटा वाजल्या. म्हणून ‘लाकोटांनीही पैसे घेऊन दुसरीकडे आपले तीर्थ का उभारू नये?’ असे आम्हांस सहज सुचते. देव पालखीत बसतो. डोंगर कसा बसणार? त्यांच्यापाशी डोंगराहून वेगळी मूर्तीच नाही.

2012 साली ह्या डोंगरांतील ‘पे स्ला’ नावाचे पवित्र कुरण विक्रीस निघाले. खजिन्यातल्या रकमेला हात न लावता काही जमातींनी मिळून सुमारे नव्वद लक्ष डॉलर उभे केले आणि आपलीच जमीन विकत घेतली. दुसऱ्याने आपल्या देवाची किंमत ठरविणे आणि देव परत आणण्यासाठी आपण किंमत मोजणे, ह्यांतील अंतर आम्हांस तेथे कळले.

आता थोडे आपल्या अंगणात. आमचे देव आले तेव्हा गोव्यातील डोंगर-राने निर्मनुष्य नव्हती. कुणबी, गावडे, वेळीप तेथे कितीतरी आधीपासून नाचणी पिकवीत होते. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांची नावे आली ती 2003 साली. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालील त्यांचे दावे वर्षानुवर्षे कचेऱ्यांतून फिरले. आमच्या कित्येक गावांत सातेरी पुजली जाते ती वारुळाच्या रूपाने. तिला कोणी नदीपार नेले नाही. ती आहे तेथेच मातीतून वर आलेली आहे, आणि उत्सवाच्या दिवशी आम्ही तिच्यापुढे नारळ ठेवतो.