साथीचे आंकडे आणि माणुसकी

मृत्यु मोजावा कीं मृत्यूबद्दल शोक करावा, असा प्रश्न कोणी विचारला तर सुज्ञ वाचक म्हणतील कीं, या दोहोंत विरोध तो कोठें आहे? परंतु ज्याच्या घरांतून नुकतीच तिरडी उठली आहे, त्याला हा विरोध दिसतो. नुसता दिसतोच असें नव्हे, तर तो त्याला बोंचतो. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ कोरोनाच्या साथींत गेले. वीस वर्षें रोज संध्याकाळीं ज्यांच्याशीं दोन शब्द बोलावयाचे, त्यांचें शेवटचें दर्शनहि आम्हांस घडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत जिल्ह्यांतील मृतांचा आंकडा छापून आला. त्यांत कोठेंतरी ते होते. तो आंकडा पाहून आमच्या मनांत प्रथम संताप उत्पन्न झाला. आणि संतापाच्या मागोमाग दुसरा एक विचार आला, तो अद्यापि गेलेला नाहीं. त्यांना ताप येण्यापूर्वीं चार दिवस आम्हीं त्यांच्या ओसरीवर बसून चहा घेतला होता, आणि त्या दिवशीं आमचा घसा किंचित् खवखवत होता.

या दोन विचारांचाच परामर्श प्रस्तुत लेखांत घ्यावयाचा आहे. माणसें मोजणें हें निर्दयपणाचें कृत्य आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि नकळत झालेल्या अपायाचें उत्तरदायित्व कोणावर, हा दुसरा. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांचा अभ्यास करणारे जे संशोधक आहेत, त्यांना या दोन्ही प्रश्नांशीं रोजचा व्यवहार असतो. वैद्यासमोर एक रोगी असतो. त्याची नाडी हातांत घेतां येते, तो बरा झाला तर हात जोडतो. साथीच्या संशोधकाचा रोगी म्हणजे सबंध गांव. त्या रोग्याला चेहरा नसतो. त्याची नाडी म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, आणि तो बरा झाला तरी कोणाचे आभार मानीत नाहीं, कारण जो आजारीच पडला नाहीं त्याला आपण वांचलों हें कळावें कसें?

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत विल्यम फार या इंग्रज गृहस्थाचें नांव प्रामुख्यानें घ्यावें लागेल. लंडनच्या जन्ममृत्यु-नोंदणीच्या कचेरींत बसून सारें आयुष्य त्यानें मृत्यूंच्या याद्या चाळल्या. १८४७ सालीं लंडनमध्यें इन्फ्ल्युएंझाची साथ आली. त्या रोगाच्या नांवावर मांडलेले मृत्यु फार थोडे होते. पण फारनें असें पाहिलें कीं, दमा, खोकला, फुप्फुसाचा दाह अशा इतर सदरांखालींहि त्याच आठवड्यांत माणसें नेहमींपेक्षां किती तरी अधिक मेलीं आहेत. तेव्हां साथ नसती तर किती मृत्यु झाले असते हें आधीं ठरवावें, आणि त्याहून जे अधिक झाले ते साथीच्या खातीं मांडावे, अशी युक्ति त्यानें काढली. आजहि जगभर हीच युक्ति चालते. कोरोनाच्या साथींत २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगांत सुमारें १ कोटि ४९ लक्ष अधिक मृत्यु झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं याच मार्गानें काढला. राष्ट्राराष्ट्रांनीं जाहीर केलेल्या मृत्यूंच्या तो जवळजवळ तिप्पट होता. आपल्या सरकारनें त्या गणितास आक्षेप घेतला, आणि तो वाद आंकड्यांचाच होता. पण त्यांतील खरा प्रश्न असा कीं, ज्यांच्या मरणाची नोंद कोणीं केली नाहीं, तीं माणसें मेलींच नाहींत असें समजावयाचें काय?

येथें आमच्या पहिल्या संतापास उत्तर मिळूं लागतें. आंकडा माणसाला पुसून टाकतो असें आम्हांस वाटलें होतें. परंतु ज्याच्यासाठीं रडणारें कोणी उरलें नाहीं, त्याचें अस्तित्व आंकड्यावांचून दुसरें कोण सांगणार? १९१८ सालच्या मुंबईकडे पाहावें. जूनमध्यें गोदीच्या बाजूनें आलेला इन्फ्ल्युएंझा शरद ऋतूंत उग्र रूप धरून परतला, आणि ऑक्टोबरच्या ६ तारखेस एका दिवसांत शहरांत ७६८ माणसें मेलीं. युरोपियन वस्तींत दर हजारीं ८ जण गेले, पारशी समाजांत ९. आणि नोंदींत ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटलें आहे, त्यांच्यांत दर हजारीं ६१ हून अधिक! विषाणूला जात कळत नाहीं. त्याला कळते ती कोंदट खोली, अर्धपोटीं शरीर, आणि उशाशीं पाणी द्यावयास कोणी नसणें. त्या वर्षीं पाऊसहि फसला होता व धान्य महागलें होतें. मलबार हिलवरील कोणी सज्जन त्या दिवसांत आपल्या आप्तासाठीं मनापासून रडला असेल, परंतु त्या अश्रूंतून त्याला चाळींतील ६१ दिसले नसते. ते दिसतात आंकड्यांतून. शोकाचा प्रकाश घरापुरता असतो. संख्येचा प्रकाश थंड खरा, पण तो गल्लीच्या शेवटापर्यंत जातो.

यावर कोणी म्हणेल कीं, हा प्रकाश हातीं असलेल्यांनीं काय केलें हेंहि सांगा. आक्षेप रास्त आहे. १८९७ सालीं प्लेगच्या निमित्तानें पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरून झडत्या घेतल्या, देवघरें व माजघरें विटाळलीं, माणसांना बळेंच बाहेर काढलें. हेतु रोग थांबविण्याचा होता. परंतु ज्यांच्यासाठीं तो थांबवावयाचा त्यांना विचारण्याची गरज कोणास वाटली नाहीं. त्या जुलुमाचा शेवट रँडसाहेबाच्या खुनांत झाला हें सर्वश्रुत आहे. यावरून मोजणें वाईट असें ठरत नाहीं. मोजणाऱ्याला माणूस केवळ संख्या वाटूं लागला, कीं लोक त्याच्यापासून रोगी लपवूं लागतात आणि मग त्याची संख्याहि खोटी पडते, एवढें मात्र ठरतें. विश्वास ही केवळ सभ्यतेची गोष्ट नव्हे; या शास्त्राचें तें एक साधनच आहे.

आतां दुसरा प्रश्न, जो आम्हांस अधिक जवळचा आहे. तो रोग आमच्याकडून गेला काय? शास्त्र सांगतें कीं, कोरोनाचा विषाणू लक्षणें दिसूं लागण्यापूर्वींच एकदोन दिवस दुसऱ्याकडे जाऊं शकतो. बोलण्यांतून, हंसण्यांतून, नुसत्या श्वासांतूनहि. तेव्हां आमचा तो घसा निमित्त झाला असेल, किंवा दूधवाला, किंवा बँकेंतील रांग. याचा निर्णय आतां कधींहि होणार नाहीं. संशोधक रोगाची सांखळी शोधतो तेव्हां तोहि ‘कोणाकडून कोणास’ हेंच विचारतो. पण त्याच्या प्रश्नाचा रोंख पुढच्या दुव्याकडे असतो, मागच्या दुव्याला शिक्षा देण्याकडे नसतो. तो दोष विचारीत नाहीं, वाट विचारतो. हें समजल्यावर आमच्या छातीवरील ओझें थोडें हलकें झालें. परंतु सर्वस्वीं उतरलें नाहीं, आणि उतरूं नये असेंहि आम्हांस वाटतें. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं जाणून केलेल्या व अजाणतां घडलेल्या पातकांत भेद केला. पण अजाणतां घडलेल्यासहि प्रायश्चित्त सांगितलें. त्यांतील मर्म असें दिसतें कीं, दोष नसला तरी ऋण उरतें.

हें ऋण फेडावयाचें कसें? जेफ्री रोझ या संशोधकानें प्रतिबंधांतील एक विसंगति दाखवून दिली आहे: ज्या उपायानें समाजाचें मोठें कल्याण होतें, त्यानें प्रत्येक व्यक्तीस होणारा लाभ इतका अल्प असतो कीं तो तिला जाणवतहि नाहीं. मी घसा धरला म्हणून चार दिवस घरीं बसलों, तोंडावर रुमाल धरून शिंकलों, खिडकी उघडी ठेवली, तर कोण वांचलें हें मला कधींच दिसणार नाहीं. ज्याचें फळ दिसत नाहीं व ज्याचे आभार कोणी मानीत नाहीं, असें कर्म करण्याची ही रोजची, घरगुती संधि आहे. निष्काम कर्माची चर्चा आपण पुष्कळ करतों; तिची परीक्षा कदाचित् इतक्या क्षुल्लक ठिकाणींच होत असावी.

गेल्या हिंवाळ्यांत आम्हांस सर्दी झाली होती. शेजारच्या घरीं आतां त्या गृहस्थांच्या पत्नी एकट्या असतात. दाराशीं उभे राहून, आंत न जातां, आम्हीं त्यांची विचारपूस केली. त्या म्हणाल्या, “अहो, आंत या कीं, चहा टाकतें.” आम्हीं म्हटलें, “आज नको, काकू; घसा बरा झाला म्हणजे येऊं.” त्या क्षणभर गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “बरें. वाट पाहतें.” त्यांच्या मनांत काय आलें तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आठ दिवसांनीं आम्ही चहाला गेलों.