घासाची सक्ती

मूल जेवत नाही ही तक्रार जेथे ऐकू येत नाही असे सुखवस्तू घर आज नाशकात तरी विरळाच. आमचेही घर त्याला अपवाद नाही. माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. एक घास गालात धरून तो स्वस्थ बसतो, आणि त्याच्या ताटापुढचा दरबार तास-सव्वा तास चालतो. भोवती तीन पिढ्यांची वडील माणसे आर्जवे करीत उभी असतात. प्रसंग हास्यास्पद खरा. परंतु त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. ज्याचे हित आपणांस त्याच्याहून अधिक कळते अशा जीवावर, केवळ प्रेमापोटी का होईना, सक्ती करण्याचा आपला अधिकार कोठवर पोचतो?

सक्तीची बाजू आधी नीट ऐकली पाहिजे. ती माझी आई मांडते. १९७२ च्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो आणि आम्ही सिन्नरकडे राहत होतो. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याच्या भाकरीचे तुकडे ती मोजून वाढी. मी आणखी मागे, आणि द्यावयास नसे. तीच बाई आज पणतवाच्या ताटात वरणभात निवत पडलेला पाहते, तेव्हा तिच्या डोळ्यांत येणाऱ्या पाण्याला जुनाटपणा म्हणण्याची माझी छाती नाही. अन्नाची निंदा करू नये, हे तैत्तिरीय उपनिषदाने व्रत म्हणून सांगितले आहे. तिला ते दुष्काळाने शिकवले.

परंतु व्रत ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते. हे मला फार उशिरा उमगले. माझा मुलगा लहान असता त्याचे दोन्ही हात एका हाताने धरून, नाक चिमटीत दाबून, मी त्याला दुधाचा पेला संपवावयास लावीत असे आणि त्याला शिस्त म्हणत असे. सकाळी वर्गात मिल्लचा स्वातंत्र्यावरील निबंध शिकवावा आणि संध्याकाळी घरी हे करावे! मिल्लने आपल्या सिद्धांतातून लहान मुलांना वगळले आहे, याचा आधार मी मोठ्या सोयीने घेई. तो मुलगा आज तीस वर्षांचा आहे. दुधाला शिवत नाही, आणि जेवतो तेही हातावेगळे करावयाचे काम असावे तसे.

वस्तुतः मूल बोलावयास शिकण्यापूर्वीच ओठ मिटून ‘नाही’ म्हणते. त्याच्या सत्तेचे पहिले राज्य तेवढेच. शिवाय त्याच्या नकारात पुष्कळदा तथ्यही असते. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढते. भूक मंदावणारच. वजन घटू लागले, गिळताना ठसका लागू लागला, तर मात्र तत्त्वचर्चा बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे.

क्लॅरा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरबाईंनी नुकत्याच अंगावरून सुटलेल्या पंधरा बालकांना आपले अन्न आपणच निवडू दिले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९२८ व १९३९ साली प्रसिद्ध झाले. परिचारिकेने हाती चमचा घेऊन गप्प बसावयाचे. मूल एखाद्या वाटीकडे हात करील तरच घास द्यावयाचा. मुले भलत्याच वस्तू भलत्या वेळी खात, पण निकोप वाढली. यावरून मुलांना सर्व मुभा द्यावी असे मात्र कोणी समजू नये. पुढे मांडलेले पदार्थ सारे साधे, साखरेवाचूनचे होते, आणि ते बाईंनी ठरविले होते.

सक्ती नको म्हणून आम्ही काही दिवस मोबाईलचा आश्रय केला. चित्रे हलू लागली की नातवाचे तोंड आपोआप उघडे आणि ताट वीस मिनिटांत रिते होई. नोकरीवरून थकून आलेल्या सुनेला याबद्दल दोष देणे प्राध्यापकाला सोपे असते, कारण भरविण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येते. तरीही मला ते दृश्य पाहवेना. चिऊकाऊच्या नावाने घास भरविण्यातही फसवणूक आहे, असे कोणी म्हणेल. पण तेथे मूल खेळात सामील असते. चिमणी जेवणार नाही हे त्यालाही ठाऊक असते. येथे ते जागेवर नसतेच. नाक दाबताना मी मुलाची इच्छा मोडीत तरी होतो, म्हणजे ती आहे हे मानीत होतो.

मग काय करावे? साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत याच नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यात अळणी भाजीची गोष्ट आहे. भाजीत मीठ घालावयाचे राहिले. वडील काही न बोलता जेवले, म्हणून मुलेही जेवली. त्या पंगतीत कोणी कोणास ‘खा’ म्हणून बजावले नव्हते.

गेला महिनाभर नातू आमच्याबरोबर पंगतीस बसतो. वाढणे आमचे, खाणे त्याचे. अर्ध्या तासाने ताट उचलावयाचे. जेवण काही वाढलेले नाही. परवा काकडीच्या चार फोडी आणि भाकरीचा पापुद्रा एवढ्यावर त्याने आटोपले. आईने मुकाट्याने त्याचा उरलेला भात आपल्या ताटात ओढून घेतला. तो टक लावून पाहत होता. “मोठी आजी, तो माझा भात आहे,” असे म्हणून त्याने त्यातला एक घास उचलला, आणि नेहमीप्रमाणे गालात धरून बसला.